मनःशांती हवी, पण घर-धंदा सोडायचा नाही: बुद्धाच्या वाटेवर पहिली पावलं, सोलापुरातून

"डोक्याला जरा शांतता हवी, काय करू?" असं कुणी विचारलं की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, मोबाइलवर ध्यानाचं ॲप घे. दोन, दहा दिवस शिबिराला जाऊन ये. सल्ले वाईट नाहीत, पण दोन्ही शेवटाकडून सुरू होतात. बुद्धाने लावलेला क्रम शील, समाधी, प्रज्ञा असा आहे. आधी वागणं, मग ध्यान, मग समज. दुपारी गिऱ्हाइकाशी खोटं बोललेला, संध्याकाळी भावाशी भांडलेला माणूस रात्री डोळे मिटून बसला तर त्याला श्वास दिसत नाही, गिऱ्हाईक आणि भाऊच दिसतात. त्यामुळे या लेखात ध्यान चौथ्या पायरीवर येतं. घाई असेल तरी पहिल्या तीन गाळू नका.

माझा टॉवेलचा लहानसा धंदा आहे. लूमची खडखड, अडकलेली उधारी, काही दिवसांआड अवेळी येणारं नळाचं पाणी, हे सगळं सांभाळत जे जमलं तेच इथे लिहितोय. तुम्ही बौद्ध घरात वाढला असाल तर वंदना, त्रिसरण, पंचशील लहानपणापासून पाठ असेल. ते रोजच्या व्यवहारात कसं आणायचं एवढंच शिकायचं आहे. नसाल तरी हरकत नाही. यातल्या कुठल्याही पायरीसाठी धर्म बदलावा लागत नाही, देवघरातून काही हलवावं लागत नाही.

1. आधी एवढं जमवा

- एक जुनी, धुतलेली सुती सोलापुरी चादर. चार घड्या घालून बैठक होते. नवी, कडक चादर घेऊ नका, घडी सरकते.
- दोनशे पानी वही आणि पेन. त्यात अनुभव लिहायचे नाहीत, हिशोब लिहायचा आहे. कसला ते तिसऱ्या पायरीत.
- साधं घड्याळ. मोबाइलचा गजर चालतो, पण मोबाइल दुसऱ्या खोलीत.
- बुद्धवचनांचा छोटा संग्रह असलेल्या धम्मपदाचा मराठी अनुवाद. 26 वर्ग, 423 गाथा. रोज एक वाचली तरी वर्ष पुरून उरते.
- बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली तो प्रसिद्ध झाला. विकत घ्यायची घाई नको, जवळच्या विहारात असतोच.

मूर्ती, धूप, संगीत, खास आसन, माळ यांतलं काही लागत नाही. सामान घेण्यातच पहिला महिना घालवणारे लोक मी पाहिलेत.

2. पाचातलं एक शील निवडा

पंचशील सगळ्यांना माहीत आहे: जीवहिंसा नाही, न दिलेलं घेणं नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, नशा नाही. पण पाचही एकदम धरायला गेलं की आठवड्याभरात हातातून निसटतात. ज्याने तुमची झोप जाते ते एक निवडा आणि महिनाभर तेवढंच सांभाळा. शील मोडलं तर शिक्षा करणारा कुणी वर बसलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्यायचं. विहारात प्रत्येक वंदनेला पंचशील नव्याने घेतात, ते याचसाठी.

धंद्यातल्या माणसाने चौथ्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि" (खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं शील मी घेतो) हे म्हणायला दोन सेकंद लागतात. त्यानंतर फोन वाजतो आणि "माल निघालाय, ट्रान्सपोर्टला पोचला असेल" हे वाक्य जिभेवर तयार असतं, माल मात्र अजून लूमवर असतो. तिथे थांबून "अजून चार दिवस लागतील" म्हणून बघा. समोरचा चिडेल, दोन शब्द ऐकवेल. पण नंतरचे चार दिवस त्याचा नंबर दिसला की पोटात जो गोळा येतो, तो येणार नाही. मनःशांतीचा सर्वात रोकडा अनुभव मला इथे आला, डोळे मिटून नव्हे.

बुद्धाच्या आठ अंगांच्या, म्हणजे अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा (योग्य बोलणं) याहून मोठी आहे. तिच्यात खोट्यासोबत चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड हेही येतं. आपल्या गावात "काय बे"ने सुरू झालेली गोष्ट प्रेमाची की भांडणाची हे सूर ऐकूनच कळतं. तेव्हा शब्दांपेक्षा सुरावर लक्ष ठेवा.

नशेचं शील निवडलं असेल तर एक व्यावहारिक गोष्ट. सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशात, दारूचे प्रकार सांगितलेत, तंबाखू-सुपारीच्या माव्याचं नाव नाही, म्हणून मावा चालतो असा युक्तिवाद पानपट्टीवर ऐकायला मिळतो. शील कशासाठी आहे ते बघा. ज्याच्यावाचून हात थरथरतो आणि जीव कासावीस होतो, त्यात तुमचं मन अडकलेलं आहे. दारू रोजची आणि बरीच असेल तर मात्र एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. अचानक थांबवल्याने शरीराला धोका होऊ शकतो.

3. पैशाची वही उघडा

ही पायरी बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

बुद्ध फक्त भिक्खूंशी बोलत नव्हते. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा मोठा व्यापारी. त्याला त्यांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली: कष्टाने मिळवलेलं धन असण्याचं सुख, ते उपभोगण्याचं आणि दान करण्याचं सुख, कर्ज नसण्याचं सुख, आणि निर्दोष वागण्याचं सुख. तिसरं पुन्हा वाचा. कर्ज नसणं हे सुख म्हणून वेगळं मोजलेलं आहे. ज्याच्या दारात दर आठवड्याला फायनान्सचा माणूस उभा राहतो, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सिगाल नावाच्या तरुणाला केलेला उपदेश आणखी नेमका आहे. मिळकतीचे चार भाग करा. एक भाग घरखर्चाला, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. याच सुत्तात पैसा गळण्याच्या सहा वाटाही सांगितल्यात: दारू, अवेळी रस्त्यावर भटकणं, तमाशे-जलसे, जुगार, वाईट संगत, आळस. आजची भर म्हणून फक्त ऑनलाइन रमी लिहा, बाकी यादी जशीच्या तशी चालते.

आता वही घ्या आणि तीन पानं करा.

पहिल्या पानावर सगळी देणी. बँक, बचतगट, सोनाराकडे ठेवलेलं सोनं, मेहुण्याकडून घेतलेले, किराणा दुकानातली उधारी. मनात असताना हा आकडा रात्री वाढत जातो, कागदावर तो तेवढाच राहतो. हे पान लिहिताना छाती जड होईल. लिहून पूर्ण करा, अर्ध्यावर सोडलंत तर त्रास दुप्पट.

दुसऱ्या पानावर येणी. कुणाकडून येणार, कधी, आणि खरंच येणार का. येणार नाहीत असे पैसे वेगळ्या रकान्यात टाका. त्यांच्यासाठी दर महिन्याला संताप करून घेणं बंद करण्याची ती पहिली खूण.

तिसऱ्या पानावर महिन्याची मिळकत, चार भागांत. नोकरदार माणसाला "दोन भाग धंद्यात" लागू होत नाही. त्याने ते कर्जफेड, मुलांचं शिक्षण आणि घरखर्च यांत वाटावेत. चौथा भाग पूर्ण जमत नाही हे बहुतेकांचं खरं आहे. विडी वळणाऱ्या बाईला मिळकतीचा चौथा हिस्सा बाजूला काढ म्हणणं ही क्रूर थट्टा होईल. तिथे शंभर रुपये काढले तरी चालतील, मात्र दर महिन्याला आणि वेगळ्या खात्यात. भिशीला या भागात धरू नका. भिशी फुटली तर अडचणीचा पैसाच अडचणीत येतो.

4. आता बसा

जागा: सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 43च्या घरात जातो, बंद खोलीत बसणं शक्य नसतं. पहाटे गच्ची उत्तम. इतर दिवसांत घरातली कुठलीही एक ठरलेली भिंत. पाणी यायचा दिवस असेल तर पाणी भरून झाल्यावर बसा, अर्धं लक्ष नळाकडे ठेवून बसण्यात अर्थ नाही.

वेळ: सुरुवातीला दहा मिनिटं, सकाळी. महिन्याने वीस. तासाची बढाई नको.

पद्धत आनापानाची. मांडी घाला, गुडघे दुखत असतील तर खुर्ची. पाठ सरळ पण ताठ नको. डोळे मिटा. नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठावरच्या जागेत श्वास येता-जाता कुठे लागतो ते बघा. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. बदलायचा नाही. ज्यांनी प्राणायाम केलाय त्यांची इथे गल्लत होते, त्यांचा श्वास आपोआप खोल आणि मोजूनमापून होऊ लागतो. हा प्राणायाम नाही. चाललेला श्वास पाहायचा, चालवायचा नाही.

मन पळेल. पहिल्या मिनिटातच. पळाल्याचं कळलं की वाद न घालता परत श्वासाकडे या. ते कळणं हाच सराव आहे, त्यामुळे पन्नासदा पळालं आणि पन्नासदा कळलं तर बैठक चांगली झाली असं समजा.

नेहमी येणारे अडथळे बुद्धाने पाच सांगितलेत, आणि पाचही रोज भेटतात. हवंहवंसं वाटणं (नाश्त्याला काय आहे), राग (काल तो असं कसं बोलला), सुस्ती, तगमग, आणि "याने खरंच काही होतं का" ही शंका. सुस्ती आली तर डोळे उघडा, तोंडावर पाणी मारा, उभं राहून दोन मिनिटं श्वास बघा. शंका आली तर तिला एवढंच सांगा की महिन्याअखेर ठरवू. बाकीच्यांची नुसती ओळख पटली तरी त्यांचा जोर ओसरतो.

आवाजाबद्दल लोक फार विचारतात. शेजारी लूम असेल, जयंतीच्या किंवा लग्नाच्या मिरवणुकीचा डीजे असेल, तर काय करायचं? कानात बोळे घालू नका. लूमचा आवाज एकसुरी असतो, काही दिवसांत तो मागे पडतो. डीजे मागे पडत नाही. त्या दिवशी बैठक पहाटेवर ढकला आणि विषय सोडा.

5. भर दिवसा, राग आल्यावर

सकाळच्या दहा मिनिटांचा उपयोग दुपारी तीनला होतो की नाही, हीच खरी परीक्षा.

संयुत्त निकाय या पाली ग्रंथात दोन बाणांचं एक सुत्त आहे. एखाद्याला बाण लागतो, ती शरीराची वेदना. मग तो रडतो, चरफडतो, स्वतःला कोसतो, तो मनाला लागलेला दुसरा बाण. पहिला सगळ्यांनाच लागतो. दुसरा शिकलेल्या माणसाला लागत नाही.

व्यवहारात हे असं दिसतं. व्यापाऱ्याने फोन करून सांगितलं, "टॉवेलचं वजन कमी भरतंय, बारा डझन परत पाठवतोय." नुकसान झालं, भाडंही अंगावर आलं. हा पहिला बाण. मग डोकं सुरू होतं: याने मुद्दाम केलं, गेल्या वर्षीही असंच केलं, याला दुसरीकडे स्वस्त मिळालं असणार, माझ्याच वाट्याला असली माणसं. इथून पुढचे सगळे बाण आपणच आपल्याला मारतोय.

काय करायचं, क्रमाने:

फोन खाली ठेवा. उत्तर लगेच देऊ नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. तीन श्वास बघा, सकाळी बघता तसेच. मग शरीरात काय चाललंय ते शोधा: कान गरम, छाती धडधडतेय, जबडा आवळलेला. मनात फक्त "नकोशी संवेदना आहे" एवढं म्हणा. ती वाढते, काही वेळ टिकते, उतरते. उतरेपर्यंत थांबा. त्यानंतर कामाचा प्रश्न विचारा: माल परत येणार, आता करायचं काय? वजन खरंच कमी असेल तर कबूल करा, नसेल तर काट्याची पावती पाठवा. हक्क सोडा असं बुद्ध कुठेही म्हणत नाहीत.

शिव्याच मिळाल्या तर? एक ब्राह्मण बुद्धाला भरपूर शिव्या देतो. बुद्ध विचारतात, तुझ्याकडे पाहुणे येतात का, त्यांना जेवण वाढतोस का, त्यांनी नाही घेतलं तर ते कुणाचं? तो म्हणतो, माझंच. तसंच तुझ्या शिव्या मी घेतल्या नाहीत, त्या तुझ्याच. हे ऐकायला छान, पण सात रस्ता चौकात कुणी गाडी घासून वर शिवी हासडली की आठवत नाही. त्यामुळे आधी घरात, बायको-मुलांच्या किरकोळ बोलण्यावर सराव करा.

पाण्याची भांडणं हा आपला खास विषय आहे, म्हणून एक गोष्ट सांगतोच. शाक्य (सिद्धार्थाचं कुळ) आणि शेजारचे कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही प्रचलित कथा बाबासाहेबांना पटली नाही. त्यांनी आपल्या ग्रंथात गृहत्यागाचं कारण म्हणून हा पाण्याचा तंटाच मांडला. अट्ठकथेत, म्हणजे जुन्या पाली टीकाग्रंथात, याच नदीकाठचा पुढचा प्रसंग आहे. दोन्ही बाजू शस्त्रं घेऊन उभ्या असताना बुद्ध विचारतात, पाण्याचं मोल जास्त की माणसाच्या रक्ताचं? गल्लीत मोटार लावून पाणी ओढण्यावरून वाद झाला की ही गोष्ट बोलून दाखवू नका, लोक आणखी चिडतात. स्वतःपुरती आठवा. आणि मोटार आपण लावली असेल तर काढा, ते दुसरं शील आहे.

6. मैत्री, पण शत्रूपासून नको

बैठक संपली की शेवटची दोन मिनिटं मैत्रीभावनेला द्या. आधी स्वतःसाठी: मी सुखी होवो, माझ्या मनातलं वैर जावो. मग ज्याच्याविषयी आदर आहे असा माणूस. मग ओळख नसलेला पण रोज दिसणारा, उदाहरणार्थ दूध घालणारा किंवा कॉर्नरचा इस्त्रीवाला. सर्वात शेवटी ज्याच्याशी बिनसलंय तो. नवखे लोक उत्साहाने थेट त्याच्यापासून सुरू करतात आणि दोन मिनिटं त्याच्याशी मनातल्या मनात भांडून उठतात. पहिले काही आठवडे त्याला यादीत घेऊच नका.

7. पौर्णिमेला विहारात जा

एकट्याचा सराव फार टिकत नाही. बुधवार पेठ, मिलिंद नगर या भागांत आणि शहरात इतरत्रही विहार आहेत. पौर्णिमेच्या संध्याकाळी जा. पांढरे किंवा साधे कपडे, चपला बाहेर, हवं तर चार फुलं आणि मेणबत्ती. वंदना येत नसेल तर मागे बसून ऐका, बहुतेक ठिकाणी पुस्तिका हातात मिळते. "जय भीम, नमो बुद्धाय" म्हणून बोलायला सुरुवात करा, चहा मिळतोच. आषाढ ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावास. त्या काळात विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. नव्या माणसाने यायची हीच उत्तम वेळ. तिथल्या ज्येष्ठांपैकी कुणी म्हणेल की नुसतं डोळे मिटून बसणं म्हणजे धम्म नाही, माणसामाणसांतलं वागणं म्हणजे धम्म. बाबासाहेबांची मांडणीही तीच. ऐकून घ्या, त्यात बरंच तथ्य आहे.

जमत असेल तर पौर्णिमेला अष्टशील पाळून बघा: दुपारी बारानंतर जेवण नाही, करमणूक नाही, ब्रह्मचर्य. मधुमेह असेल तर उपाशी राहू नका.

8. दहा दिवसांचं शिबिर, शेवटी

रोज वीस मिनिटं काही महिने जमल्यावर विपश्यना शिबिराचा विचार करा. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली जवळची केंद्रं म्हणजे आळंदीजवळ मरकळचं धम्मानंद आणि हातकणंगल्याजवळ आळतेचं धम्मालय. इगतपुरीचं धम्मगिरी सर्वात मोठं आणि नावाजलेलं, पण पहिल्या वेळी एवढ्या लांब जायची गरज नाही. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन पुढे आळंदी गाठता येते.

लागणाऱ्या गोष्टी:

- ऑनलाइन अर्ज, तोही बराच आधी. जागा लवकर भरतात. अर्जात आजार, औषधं, मानसिक त्रास याविषयी विचारतात, खरं लिहा.
- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, आणि जागा पक्की झाल्याचा संदेश. शिबिराआधी "येणार ना?" अशी विचारणा आली तर उत्तर द्या.
- सैल, साधे कपडे, चादर, नेहमीची औषधं, गजराचं घड्याळ.
- रजा. नाव दहा दिवसांचं असलं तरी आदल्या दिवशी दुपारी हजर व्हायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचं. दहाच दिवसांची रजा टाकून लोक अडकतात.

पहाटे चारला घंटा, दिवसभरात सुमारे दहा तास बैठक, दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, मोबाइल जमा. नव्यांना संध्याकाळी चहा आणि फळं वगैरे मिळतं, रात्रीचं जेवण नाही. फी घेत नाहीत. शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात. तेव्हा विपश्यनेच्या नावाखाली कुणी आगाऊ पैसे मागितले तर तो वेगळाच प्रकार आहे, लांब राहा. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान असतं. चौथ्या पायरीवरचा सराव इथे कामी येतो. दुसऱ्या आणि सहाव्या दिवसाच्या आसपास पळून जावंसं वाटणारे बरेच असतात. आचार्यांशी बोला, बॅग भरू नका.

9. हे कधी पुरेसं नाही

आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, जगणं नको वाटतंय असं असेल तर आधी मानसोपचार तज्ज्ञ. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. चालू असलेल्या गोळ्या ध्यान सुरू केलं म्हणून बंद करू नका, आणि अशा काळात दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ नका. डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून दुसरी आणि तिसरी पायरी करता येते. बैठक कधी सुरू करायची ते त्यांनाच विचारा.